गुलाम म्हणून विकला गेला, पण शेतसाऱ्याची घडी बसवून गेला. खुलताबादेत आहे मलिक अंबरची कबर

बोरी अरब : दारव्हा, बोरी अरब भागातून दरवर्षी कितीतरी लोकं वेरूळला जातात. घृष्णेश्वराचं दर्शन, लेण्या, मग भद्रा मारुती, आणि गाडी परत. भद्रा मारुती आहे ते गाव म्हणजे खुलताबाद. वेरूळपासून जेमतेम ४ किलोमीटर. या जुन्या तटबंदीच्या गावात पावलापावलावर कबरी आहेत. बादशहा औरंगजेब इथेच, मोकळ्या आभाळाखाली साध्या कबरीत आहे. हैदराबादचा पहिला निजाम इथेच, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहाही इथेच. पण गावाच्या एका अंगाला घुमटाखाली जो माणूस झोपला आहे, त्याचं नातं थेट शेतकऱ्याच्या सातबाऱ्याशी लागतं. त्याचं नाव मलिक अंबर.

पोटासाठी विकलेलं पोर

सन १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, त्याचा जन्म झाला. घरचं नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात गेला. गरिबीपायी आईबापानेच विकला, असं सांगतात. एका हातातून दुसऱ्या हातात जात तो बगदादला पोचला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला, हिशेब ठेवायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं.

पुढे तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही मुळात हबशी गुलामच. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला. १५७४-७५ च्या सुमारास चंगेजखान वारला आणि त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं. हाताशी घोडा आणि तलवार, बाकी काही नाही. काही वर्षं विजापूरकरांकडे चाकरी केली, मलिक ही पदवी मिळवली आणि तो परत नगरकडे आला.

बुडत्या राज्याचा आधार

तेव्हा दिल्लीचे मुघल दख्खनेवर चालून आले होते. १५९६ ला चांदबिबीला तह करून आपला वऱ्हाड मुघलांना द्यावा लागला. १६०० ला नगरचा किल्लाही पडला. राज्य संपल्यात जमा होतं. पण अंबरने निजामशाही घराण्यातला एक वारस शोधला, परंड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसवलं आणि आपली मुलगीही त्याला दिली. स्वतः वजीर होऊन सगळा कारभार हाती घेतला.

मुघलांची फौज मोठी, तोफा मोठ्या. समोरासमोर निभाव लागणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने मराठा घोडेस्वार हाताशी धरले. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि डोंगरात नाहीसं व्हायचं, अशी लढाई चालवली. शहाजीराजे भोसले याच फौजेत लढले. १६१६ ला रोशनगावला अंबरचा मोठा पराभव झाला, त्याची राजधानी खडकी जाळली गेली. तरी गडी बसला नाही. १६२० च्या सुमारास त्याच्या फौजा वऱ्हाडात शिरल्या आणि मुघलांना बाळापूर सोडून बुऱ्हाणपूरला हटावं लागलं. १६२४ ला नगरजवळ भातवडीला तलावाचं पाणी सोडून त्याने मुघल आणि विजापूरच्या एकत्र फौजेची दाणादाण उडवली. बादशहा जहांगीरला त्याचा एवढा राग, की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्रच काढून घेतलं. खरं मुंडकं मात्र कधी हाती लागलं नाही.

पीक पाहून सारा

लढाया तर पुष्कळांनी केल्या. मलिक अंबरचं मोठेपण शेतीच्या कारभारात आहे. त्याच्या आधी सारा गोळा करायचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरायचा आणि कुणब्याकडून जमेल तेवढं ओरबाडायचा. अंबरने ही मक्तेदारी मोडली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवायला सुरुवात केली. भारी काळी जमीन वेगळी, बरड वेगळी. आधी पिकाच्या पाच वाट्यांतले दोन वाटे धान्यात घेतले जात. पुढे रोख रक्कम ठरली, ती साधारण एक तृतीयांश. पीक जसं येईल तसा सारा कमी-जास्त होई. पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क कायम केले, जमीन कसणाऱ्याची मिरास मानली. पुढे शिवाजी महाराजांच्या पुणे जहागिरीत सारा बसवताना हीच पद्धत पायाला धरली गेली.

आज दुष्काळ पडला की पैसेवारी किती निघाली याकडे सगळं गाव डोळे लावून बसतं. पीक बुडालं तर वसुलीही कमी व्हावी, हा विचार चारशे वर्षांपूर्वी दख्खनेत एका गुलाम राहिलेल्या माणसाने अंमलात आणला होता.

शहर आणि पाणी

१६१० ला त्याने खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. डोंगरातलं झिरपतं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उताराच्या जोरावर त्याने शहरात आणलं. ना मोटर, ना वीज. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच.

१६२६ ला, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर वारला. त्याच्यामागे निजामशाही दहा वर्षंच टिकली. मेल्यावर त्याची तारीफ मुघल दरबारच्या लेखकालाही करावी लागली.

खुलताबादेतली कबर त्याने जिवंतपणीच बांधून घेतली होती. जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळ ती आहे. बाजूलाच बायको बिबी करीमाची कबर आहे. औरंगजेबाच्या कबरीकडे लोकं जातात, इकडे फारसं कोणी वळत नाही. पुढच्या खेपेला भद्रा मारुतीचं दर्शन झालं की अर्धा तास काढून इकडे जायला हरकत नाही. तिथे जो निजला आहे, त्याला स्वतःच्या जन्मगावात पुन्हा पाय ठेवायला मिळाला नाही, पण इथल्या मातीची प्रत त्याने नीट ओळखली होती.