मेंदूचा नकाशा

मुलांनो, एखाद्याला मिर्गीचा झटका आलेला तुम्ही कधी तरी पाहिला असेल. मराठीत या आजाराला अपस्मार किंवा फेफरे म्हणतात. माणूस धाडकन खाली पडतो, हातपाय झाडतो. मग कोणी त्याच्या नाकाला चप्पल लावतो, तर कोणी कांदा. त्याने काहीही होत नाही. हा मेंदूचा आजार आहे, हे इब्ने सीना यांनी आपल्या अल-कानून या ग्रंथात सांगून ठेवले होते. पण मेंदूत तो नेमका कोठे सुरू होतो? या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या एका डॉक्टरांची हकीकत आज वाचू या.

त्यांचे नाव वाइल्डर पेनफील्ड. २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन या गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला गेले. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, ते प्रवास करीत असलेल्या जहाजावर पाणतीर आदळला. ते जखमी झाले, पण वाचले. १९१८ मध्ये ते डॉक्टर झाले.

त्यांची बहीण रूथ हिला तरुणपणापासून झटके येत असत. १९२८ च्या डिसेंबरात कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी तिच्या मेंदूत मोठी गाठ आढळली. आपल्याच माणसावर सुरी चालवणे सोपे नसते. तरीही पेनफील्ड यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली. गाठ पूर्ण निघाली नाही. रूथ घरी परतली, चालू-बोलू लागली. सुमारे सव्वा वर्षाने तिने भावाला जेवायला बोलावले. साधाच स्वयंपाक होता. पण कोणते काम आधी करावे, कोणते नंतर, हे तिला काही केल्या जुळवता येईना. भावाने हे पाहिले आणि मेंदूचा तो भाग काय काम करतो, याचा विचार तो करू लागला. १९३१ मध्ये रूथ वारली.

१९३४ साली पेनफील्ड यांनी मॉन्ट्रियलमध्ये मेंदूच्या आजारांसाठी मोठी संस्था उभारली. तेथे ते रोग्याला जागे ठेवून शस्त्रक्रिया करीत. तुम्हाला नवल वाटेल, पण मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. फक्त डोक्याची कातडी बधिर करावी लागते. ते विजेच्या बारीक तारेने मेंदूला स्पर्श करीत. कोठे बोट हले, कोठे ओठाला मुंग्या येत, कोठे जुनी आठवण जागी होई. त्या त्या जागी ते आकडा लिहिलेला कागदाचा कपटा ठेवीत. असा मेंदूचा नकाशा तयार झाला. झटका जेथून निघतो ती जागा सापडली की ती काढून टाकीत, आणि अनेकांचे झटके थांबत.

परंतु काही रोग्यांत अशी जागा सापडेना. वाचता वाचता मूल मध्येच थांबते, नजर खिळते, काही सेकंदांनी ते पुन्हा वाचू लागते. (आम्ही शिक्षक अशा मुलाला लक्ष नाही म्हणून रागावतो, ही आमची चूक.) त्या क्षणी मेंदूच्या लहरींच्या आलेखात दोन्ही बाजूंना एकदमच, सेकंदाला तीन, अशा लहरी उमटतात. मग सुरुवात कोणत्या बाजूला मानायची?

पेनफील्ड आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जॅस्पर यांनी उत्तर दिले की मध्यभागी. मेंदूच्या आत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग आहे. मनमाड जंक्शनवर गाड्या येतात तशा शरीरातून येणाऱ्या बहुतेक संवेदना तेथे येतात आणि पुढे जातात. या मध्यभागातूनच झटका दोन्हीकडे पसरतो, असे त्यांचे मत होते. जॅस्पर यांनी मांजरीच्या थॅलॅमसला वीज देऊन तशाच लहरी काढूनही दाखवल्या.

हे मत पुढे अपुरे ठरले, आणि ते दाखवून दिले त्यांच्याच संस्थेतील पिअर ग्लूर यांनी. मांजरींवरील प्रयोगांत त्यांना आढळले की मेंदूचा वरचा थर आधीच भडक असावा लागतो. एकट्या थॅलॅमसने झटका होत नाही. २००२ साली हॉलंडमध्ये जन्मतः असे झटके येणाऱ्या उंदरांची तपासणी झाली. त्यांच्यात सुरुवात वरच्या थरातच, तोंडाच्या संवेदनेच्या जागी सापडली. तेथून क्षणार्धात थॅलॅमस आणि दोन्ही बाजू एकमेकांना झोके देऊ लागत. आज डॉक्टर असे मानतात की झटका एका ठिकाणी सुरू होतो, पण दोन्ही बाजूंच्या जाळ्यात इतक्या झपाट्याने पसरतो की सगळीकडे एकदमच सुरू झाल्यासारखा वाटतो.

पेनफील्ड यांचे निधन ५ एप्रिल १९७६ रोजी मॉन्ट्रियल येथे झाले. त्यांनी काढलेला नकाशा मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अजूनही वापरतात.