गाझियाबादचा डोनाल्ड आणि खोटं लॉगबुक

जगातल्या सगळ्यात खडतर शिडाच्या शर्यतीत गाजलेला, खरं तर बदनाम झालेला माणूस जन्मला होता आपल्या गाझियाबादमध्ये! डोनाल्ड क्रोहर्स्ट, जन्म १९३२. वडील रेल्वेत. स्वातंत्र्यानंतर कुटुंब इंग्लंडला गेलं, पण बचतीचे पैसे घातलेला इथला कारखाना दंगलीत जळाला. थोड्याच काळात वडीलही गेले. डोनाल्ड हवाई दलात गेला, मग लष्करात. दोन्हीकडे टिकला नाही. पुढे बोटींसाठी दिशा शोधणारं रेडिओ उपकरण बनवून विकू लागला. धंदा काही चालेना.

१९६८मध्ये 'संडे टाइम्स'ने गोल्डन ग्लोब रेस जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. सगळ्यात वेगवान खलाशाला ५,००० पौंड. क्रोहर्स्ट पडला सुट्टीच्या दिवशी बोट चालवणारा हौशी माणूस. तरी नाव दिलं. पैसे लावणाऱ्याशी करार असा, की शर्यत अर्धवट सुटली तर बोट यानेच विकत घ्यायची. म्हणजे घर, धंदा सगळं जाणार. घरी बायको आणि चार मुलं.

निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. त्याच दिवशी 'टीनमथ इलेक्ट्रॉन' ही तीन सांगाड्यांची बोट निघाली, कामं अर्धी राहिलेली. (सबमिशनच्या आदल्या रात्री आपलं होतं तसंच. फक्त याच्यापुढे दक्षिण महासागर होता.) थोड्याच दिवसांत बोटीत पाणी शिरू लागलं. पुढे गेलं तर मरण, मागे फिरलं तर दिवाळं.

त्याने तिसरंच केलं. अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटा ठावठिकाणा कळवू लागला. मधे कित्येक आठवडे रेडिओ बंद. गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला लागून बोटही दुरुस्त केली. न केलेल्या प्रवासाच्या सूर्याच्या नोंदी उलट गणित करून लिहायच्या, हे खऱ्या प्रवासाहून किचकट काम. हुशारी होतीच हो त्याच्यात!

नऊजण निघाले होते. २२ एप्रिल १९६९ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन पहिला पोहोचला, मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'तून. वेगाच्या बक्षिसासाठी नायजेल टेटली पुढे होता. पण क्रोहर्स्ट मागून येतोय समजून त्याने मोडकळलेली बोट दामटली आणि २१ मेला ती बुडाली. टेटली वाचला. आता बक्षीस क्रोहर्स्टचंच. म्हणजे लॉगबुक तपासलं जाणार.

त्याच्या नोंदी १ जुलैला थांबतात. १० जुलैला बोट भर समुद्रात सापडली, आत कुणीच नव्हतं. खऱ्या प्रवासाच्या नोंदी मात्र तशाच होत्या.

ते ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टनला मिळाले. त्याने ते क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना देऊन टाकले.