ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

आपल्या तारापूर धर्मग्रामाच्या या जुबिलीप्रसंगी, ज्यांनी प्रभूची कथा मराठी ओवीत गाइली, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

१५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर प्रांती त्यांचा जन्म झाला. तेथे कॅथोलिक धर्माचरणास बंदी होती. ते रोमेस गेले व १५७५ साली येशूसंघात प्रविष्ट झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोंचले आणि १६१९ साली देह ठेवीपर्यंत बहुतेक काळ तेथील साष्टी प्रांतात राहिले. त्या वेळी ती साष्टी व आपले तारापूर ही दोन्ही पोर्तुगीज अंमलाखाली होती.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी गावयास, ऐकावयास काही नव्हते. ही उणीव जाणून फादरांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापिले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात प्रभु येशूचे चरित्र.

हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. मराठीत दृष्टांत म्हणजे देवाने दिलेले दर्शन आणि गूढ गोष्ट उकलणारे उदाहरणही. जुन्या करारातील दर्शने दोन्ही अर्थांनी दृष्टांत होत. याकोबाने स्वप्नात पाहिलेल्या शिडीचा पाय भूमीवर होता व शेंडा स्वर्गी. खरा देव व खरा मनुष्य असा जो ख्रिस्त, त्याचीच ती खूण. मोशेपुढील झुडूप पेटले, पण भस्म झाले नाही; तसेच देवपणाच्या तेजाने प्रभूचे मनुष्यपण नाहीसे झाले नाही. दानिएलाने मेघांवर मानवपुत्रासारखा एक पाहिला, ज्यास अक्षय राज्य मिळाले. ही दर्शने ज्याच्या ओळखीची, त्यास गव्हाणीतील बाळ कोण हे कळण्यास विलंब लागत नाही.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढिला. तरी हस्तलिखितांच्या आश्रयाने ग्रंथ जगला. १९०७ साली मंगळुरास पुन्हा छापिला गेला आणि १९५६ साली देवनागरीतही निघाला.

एका परदेशीय धर्मगुरूने आपल्या भाषेत हा ठेवा ठेविला. नाताळपूर्व आगमनकाळी प्रत्येक घरी त्यातील थोड्या ओव्या वाचिल्या जाव्यात, एवढीच आमची विनंती.