पटकीचा जंतू पाण्यात दाखविणारे डॉ. कॉख

जर्मनीचे डॉ. रॉबर्ट कॉख यांचा जन्म १८४३ चा. आडगावी सरकारी डॉक्टर असतानाच, जनावरांची काळपुळी जंतूमुळे होते हे त्यांनी १८७६ साली दाखवून दिले. पुढे पटकीच्या तपासासाठी ते कलकत्त्यास आले. तिथं लोक एकाच तळ्यात धुणं धुवत अन् तेच पाणी पीत. १८८४ साली त्या पाण्यात त्यांना पटकीचा जंतू सापडला. १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी ते मुंबईलाही येऊन गेले. १९१० साली वारले.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, अन् पहिल्या पावसात घाण आत उतरते. पाणी नितळ दिसले तरी भरवसा धरू नये. ग्रामपंचायतीने टीसीएल वेळेवर टाकावे. पावडर हवाबंद ठेवावी; उघडी राहिली तर क्लोरीन उडतो, हाती नुसता चुना राहतो.