शाहू छत्रपती आणि शुश्रूषेचा राजधर्म

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस गारगोटीच्या रस्त्याने निघाले की कळंबा गाव आणि त्याचा तलाव लागतो. कात्यायनीच्या डोंगराकडून उतरणारे पाणी अडवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तलाव बांधण्यात आला आणि नळांवाटे त्याचे पाणी शहरात पोहोचले. तलावातून निघालेल्या पाण्याला जात नव्हती. ते हौदात पडले, घागरीत भरले गेले, की मात्र त्याला कोणी शिवावे आणि कोणी शिवू नये याचे नियम लागू होत. आजारी माणसाच्या तोंडात पाण्याचे दोन घोट घालणे ही शुश्रूषेची पहिली पायरी होय. आणि नेमक्या याच पायरीवर आपल्या समाजाची शुश्रूषा शतकानुशतके अडखळत आली. ही अडचण ज्याने राज्यकर्त्याच्या नजरेतून ओळखली व हुकमाच्या आणि आचरणाच्या बळावर दूर करण्याचा यत्न केला, त्या राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र या अंगाने फारसे वाचले जात नाही. आरक्षण, वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण आणि राधानगरीचे धरण यांच्या बरोबरीने ते वाचले गेले पाहिजे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ च्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांचे वय विशीच्याही आत होते. अधिकार हाती येऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे पाठोपाठ येऊन उभी राहिली. तरुण राजाची खरी परीक्षा दरबारात झालीच नाही. ती छावण्यांत, धान्याच्या दुकानांत आणि ओसाड पडलेल्या गल्ल्यांत झाली.

१८९६-९७ च्या दुष्काळात महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रस्त्यांची व तलावांची कामे काढली आणि अपंग व निराधारांच्या पोटापाण्याची सोय केली. परंतु त्यातील एक व्यवस्था विशेष नोंदण्याजोगी आहे. खडी फोडावयास येणाऱ्या मजूर स्त्रियांची तान्ही मुले उन्हात पडून राहतात हे ध्यानी आल्यावर कामाच्या जागी त्या मुलांना सांभाळण्याची सोय करण्यात आली. सरकारी मदत घेणाऱ्या बाईच्या कडेवर मूल असते, आणि त्या मुलाची काळजी असेपर्यंत तिचे हात मोकळे होत नाहीत, ही गोष्ट कागदावरून कळत नाही. ती कळण्यासाठी कामावर जाऊन पाहावे लागते. महाराज जाऊन पाहत असत.

प्लेगची कथा याहून बोलकी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेला हा रोग पुढच्या वर्षी पुण्यात पोहोचला. रोग्यांचा शोध घेण्यासाठी तेथे गोऱ्या सोजिरांना घरांत शिरण्याची मोकळीक मिळाली. स्वयंपाकघर आणि देवघर यांचा विधिनिषेध न ठेवता झालेल्या झडत्या, स्त्रियांची परक्या पुरुषांकडून झालेली तपासणी आणि रोग्याला घरच्यांपासून तोडून नेण्याची रीत यांमुळे लोक रोगापेक्षा बंदोबस्तालाच अधिक भिऊ लागले. रोगी लपविले जाऊ लागले. अखेर २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. घरे रिकामी करणे व रोगी वेगळे ठेवणे हे उपाय त्या काळच्या वैद्यकशास्त्राला धरूनच होते. परंतु ज्या माणसांसाठी ते योजले होते, त्यांच्या मनाचा आणि रीतीभातींचा विचार त्यात नव्हता.

पुढे हाच रोग कोल्हापूर संस्थानात आला. गाव सोडून रानात राहणे येथेही अटळ होते. परंतु महाराज स्वतः गावोगाव फिरले. लोक घर का सोडत नाहीत हे त्यांनी ऐकून घेतले आणि त्यांच्याच बोलीत त्यांची समजूत घातली. गावाबाहेर झोपड्या उभारण्यास साहाय्य दिले. इंग्रजी औषधाचा ज्यांना धाक वाटे त्यांच्यासाठी होमिओपॅथीचा दवाखानाही उघडण्यात आला. त्या औषधाचा प्लेगवर किती उपयोग झाला असेल याविषयी आजचे शास्त्र साशंकच राहील. तथापि दवाखान्याकडे पाठ फिरविलेला माणूस निदान दाराशी यावा, हा त्यामागचा हेतू दुर्लक्षिण्याजोगा नाही. भयभीत रोग्याला आधी विश्वास द्यावा लागतो, औषध त्यानंतर, हा धडा पुण्याच्या अनुभवानंतर अवघ्या काही महिन्यांत कोल्हापूरने गिरविला.

स्त्रियांच्या आजारपणाचा प्रश्न याहून नाजूक होता. परपुरुषाला नाडी दाखविण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या स्त्रिया केवळ राजवाड्यात नव्हत्या, त्या वाड्यावस्त्यांवरही होत्या. पडद्याची चाल एका हुकमाने मोडता येणार नाही आणि ती मोडेपर्यंत बायकांना मरू देणेही शक्य नाही; यावर उपाय एकच, स्त्रियांनाच वैद्यकीचे शिक्षण द्यावयाचे. संस्थानातील स्त्रीशिक्षणाची धुरा रखमाबाई केळवकर वाहत होत्या. त्यांची कन्या कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या. महाराजांनी त्यांना उच्च शिक्षणासाठी विलायतेस पाठविले आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात काम दिले. आज छत्रपती प्रमिला राजे रुग्णालय म्हणून जे ओळखले जाते, ते हेच. कृष्णाबाईंच्या हातून कोल्हापुरातील स्त्रियांची पुढे दीर्घकाळ सेवा घडली. आपल्यासारखेच लुगडे नेसणारी, आपल्याच भाषेत बाळंतपणाचे प्रश्न विचारणारी डॉक्टरीण समोर दिसली तेव्हा ज्या बाया दवाखान्याची पायरी चढल्या, त्यांच्यासाठी तीच पायरी पूर्वी डोंगराएवढी उंच होती.

महाराजांना ही जाण कोठून आली? तिचे एक मूळ त्यांच्या राहणीत होते. शिकारीच्या निमित्ताने ते धनगर, पारधी, शेतकरी यांच्यात मिसळत, त्यांच्या पंगतीला बसत आणि त्यांची बोली बोलत. दुसरे मूळ त्यांना स्वतःला सोसाव्या लागलेल्या अवहेलनेत होते. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, हे त्यांच्या लक्षात आणून देण्यात आले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसालाही शूद्र लेखले जाते, तर महाराच्या, मांगाच्या वाट्याला काय येत असेल, हा विचार त्या प्रसंगानंतर त्यांना कधी सोडून गेला नाही. २६ जुलै १९०२ चा नोकऱ्यांतील पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा त्यानंतरच आला.

तरीही दवाखान्यांतील भिंत उभीच राहिली होती. अस्पृश्य रोगी दवाखान्याच्या ओट्याखाली उभा राही. औषध वरून टाकले जाई, जखम दुरूनच पाहिली जाई. मोफत दवाखाना हा मुळात गरिबासाठी काढलेला. आणि सर्वांत गरीब तोच त्याच्या बाहेर. जवळच मिरजेस अमेरिकन मिशनच्या इस्पितळात डॉ. वानलेस व त्यांचे सहकारी जातपात न पाहता रोग्यांवर उपचार करीत होते. परदेशातून आलेल्या माणसांना जे जमते ते आपल्या नोकरांना का जमू नये, हा सवाल महाराजांना बोचत होता.

१९१९ च्या जानेवारीत त्यांनी हुकूम काढले. संस्थानच्या नोकरीतील लहानथोर सर्वांनी अस्पृश्यांना समतेने व आस्थेने वागविले पाहिजे. दवाखान्यांतील नोकरवर्गाने त्यांची तपासणी व उपचार इतरांप्रमाणेच केले पाहिजेत. ज्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि अशाला निवृत्तिवेतन मिळणार नाही. याच वर्षी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा यांचे दरवाजेही अस्पृश्यांना खुले करण्यात आले. या हुकमांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी रोग्याशी कसे वागावे हा प्रश्न डॉक्टरच्या मर्जीवर वा दयाबुद्धीवर सोडला नाही. आस्थेची वागणूक हा नोकरीच्या कर्तव्याचा भाग ठरला आणि त्यात कसूर करणाऱ्याची भाकरी पणाला लागली.

परंतु हुकमाने हात बांधता येतात, मन फिरविता येत नाही, हेही महाराज जाणून होते. गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. महाराजांच्याच पागेत चाकरीला असलेल्या गंगारामने स्पृश्यांसाठी राखलेल्या हौदातील पाण्याला हात लावला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. परगावाहून परतल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण ते तेथेच थांबले नाहीत. गंगारामला पैसे देऊन त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढावयास लावले. महाराच्या हातचा चहा घेण्यास कोणी येईना, तेव्हा महाराज आपला खडखडा त्या दुकानापाशी थांबवून चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. सहीचे कागद घेऊन येणाऱ्यांनाही तेथेच यावे लागे. पाण्यावरून झालेल्या अपमानाची भरपाई त्यांनी पाण्यानेच केली. ६ मे १९२२ रोजी अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे स्मारक उभारण्यासाठी जे प्रथम धडपडले, त्यांत हेच गंगाराम कांबळे पुढे होते.

महाराजांच्या निधनानंतर जवळजवळ तीन दशकांनी, विसाव्या शतकाच्या मध्यास, अमेरिकेतील परिचारिका मॅडेलिन लेनिंजर यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, रोग्याच्या रूढी, श्रद्धा आणि घरची रीत समजल्यावाचून केलेली शुश्रूषा अपुरी ठरते. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी १९८० च्या दशकात त्याही पुढे पाऊल टाकले. रोग्याच्या चालीरीतींचे पाठांतर पुरेसे नाही. सेवा देणाऱ्याने स्वतःच्या मनातील दुरावा व अधिकाराचा तोरा तपासला पाहिजे, आणि आपल्याला मान मिळाला की नाही हे रोग्याने ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. कोल्हापूरच्या छत्रपतींनी हे ग्रंथ वाचले असणे शक्य नव्हते. परंतु १९१९ च्या हुकमांचा रोख नेमका याच दिशेने होता. दोष अस्पृश्य रोग्याच्या अज्ञानात न शोधता तो त्यांनी दवाखान्याच्या वागणुकीत शोधला.

आज कळंबा हे एकटे खेडे राहिलेले नाही. शहर वाढत वाढत त्याच्या शिवेला भिडले आहे. या परिसरात दारोदार फिरणारी परिचारिका आणि २००५ नंतर तिच्या जोडीला आलेली आशा कार्यकर्ती यांना एकाच दिवसात मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, धनगर आणि बौद्ध अशा घरांचे उंबरे ओलांडावे लागतात. गळिताच्या हंगामात जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या पालांवरही अशा सेवेची गरज असते. एका घरात बाळंतीण पाचवी पुजल्यावाचून बाहेर येत नाही. दुसऱ्या घरात बाळाला पहिला चीक न पाजता तो पिळून टाकण्याचा हट्ट धरला जातो. यातील पाचवीची पूजा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, डोक्याला बांधलेले फडके यांना हात लावण्याचे काही कारण नाही. पहिला चीक टाकून देणे, नाळेला राख वा शेण लावणे, कोंदट खोलीत धुरी कोंडणे यांना मात्र ठामपणे विरोध केलाच पाहिजे. पण हा विरोध घरातल्या थोरल्या सासूबाईंना अडाणी ठरवून करता येत नाही. ज्या परिचारिकेने आधी पाचवीचा मान राखला, तिचे चिकाबद्दलचे म्हणणे ऐकले जाते. जिने दोन्हींची एकदमच थट्टा केली, तिच्या पाठीमागे दार लागते आणि नुकसान तान्ह्या बाळाचे होते.

या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे, आणि ती विसरणे अन्यायाचे होईल. परिचारिका स्वतःही कोणत्या ना कोणत्या समाजातून आलेली असते. तिला ओटीवरच थांबविणारी, तिच्या हातचे पाणी टाळणारी, आडनावावरून तिची परीक्षा करणारी घरे आजही पूर्णपणे नाहीशी झालेली नाहीत. रोग्याच्या संस्कृतीचा आदर करावयाचा म्हणजे हा अपमान मुकाट्याने गिळावयाचा, असा अर्थ कोणी काढू नये. शाहू महाराजांनी तो काढला नव्हता. पाचवीच्या पूजेला त्यांची हरकत नव्हती. हौदावरील पहाऱ्याला होती. रीत आणि अन्याय यांतील ही सीमारेषा परिचारिकांच्या शिक्षणात शिकविली गेली पाहिजे, आणि ती राखताना जी परिचारिका अडचणीत येईल तिच्या पाठीशी आरोग्य खात्याने व ग्रामपंचायतीने उभे राहिले पाहिजे.

दरवर्षी २६ जूनला कोल्हापुरात शाहू जयंती साजरी होते, मिरवणुका निघतात, पुतळ्यांना हार घातले जातात. ते होऊ द्यावे. परंतु त्याच दिवशी प्रत्येक आरोग्य केंद्राने एवढे तपासून पाहिले तरी ते महाराजांचे खरे स्मरण ठरेल: आपल्या ओट्याखाली आज कोण उभे आहे, आणि दार उघडे असूनही कोण आत यावयास कचरते आहे? त्या माणसाला आत घेण्यासाठी लागणाऱ्या खुर्चीला आणि प्यालाभर पाण्याला फारसा खर्च येत नाही.