झुरळाचे औषध आणि कार्सनबाई

मराठीत आपण विषाला बिनदिक्कत औषध म्हणतो. ढेकणाचे औषध, उंदराचे औषध, गुलाबावर मारायचे औषध. वाणीही झुरळाच्या औषधाची बाटली चहा-साखरेच्याच पिशवीत घालून देतो, आणि घरी आल्यावर ती ओट्याखाली, कांदे-बटाट्यांच्या टोपलीशेजारी जाऊन बसते. औषध म्हटले की भीती निम्मी होते. नावाच्या या गफलतीवर एका अमेरिकन बाईंनी १९६२ साली नेमके बोट ठेवले होते. त्यांचे म्हणणे असे, की जे द्रव्य किडीबरोबर पाखरू, मासा आणि माणूस यांनाही सोडत नाही, त्याला कीटकनाशक कशासाठी म्हणायचे? जीवनाशक म्हणावे. या बाईंचे नाव रेचल कार्सन.

त्यांचा जन्म २७ मे १९०७चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल गावचा. घरची परिस्थिती ओढगस्तीची, पण भोवती शेतजमीन आणि रान मुबलक. आई मारिया लेकीला घेऊन रानात हिंडायची, पाखरे दाखवायची. अकराव्या वर्षी रेचलची गोष्ट मुलांच्या एका मासिकात छापून आली आणि आपण लेखिका होणार हे तिने ठरवून टाकले. कॉलेजात मात्र मेरी स्किंकर नावाच्या शिक्षिका भेटल्या आणि इंग्रजी सोडून ती जीवशास्त्राकडे वळली. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची एम.ए. झाली. १९३५ साली वडील गेले. दोन वर्षांनी थोरली बहीण गेली. तिच्या दोन मुलींचा सांभाळ आई आणि रेचल यांच्याकडे आला. सरकारच्या मत्स्य खात्यातली नोकरी हा सगळ्या घराचा आधार होता. दिवसा खात्याच्या पुस्तिका लिहायच्या, रात्री स्वतःचे लिखाण. १९५१ साली समुद्रावरचे ‘द सी अराउंड अस’ हे पुस्तक आले, तुफान खपले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. आता मेनच्या किनाऱ्यावरच्या आपल्या छोट्या घरात बसून समुद्राविषयीच लिहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

तसे व्हायचे नव्हते. डीडीटीबद्दल त्यांच्या मनात पाल आधीच चुकचुकली होती. १९४५ साली त्या विषयावर लेख लिहिण्याची तयारी त्यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’ला कळवली होती, मासिकाला त्यात रस वाटला नाही. तो काळ डीडीटीच्या आरतीचा होता. युद्धात या पावडरीने टायफसची साथ आवरली होती, आणि तिचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पाउल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळाले. पुढे १९५८च्या जानेवारीत ओल्गा हकिन्स या मैत्रिणीचे पत्र आले. मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरी गावी डासांसाठी विमानातून फवारणी झाली होती, आणि तिच्या अंगणातली पाखरे मरून पडली होती. त्यांनी माहिती जमवायला सुरुवात केली ती या पत्रानंतर.

त्यात मिशिगनच्या रॉबिन पक्ष्यांची हकीकत होती. रॉबिन म्हणजे तिकडे वसंताची वर्दी देणारा पक्षी. आपल्याकडच्या कोकिळेचा मान त्याला. एल्म झाडांचा रोग पसरवणारे भुंगेरे मरावेत म्हणून झाडांवर डीडीटी मारले. पाने गळाली, ती गांडुळांनी खाल्ली. गांडुळे मेली नाहीत, पण विष त्यांच्या अंगात साठले. वसंतात रॉबिन आले, त्यांनी गांडुळे खाल्ली आणि ते तडफडून मेले. अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनला पुरेशी होत. रॉबिनवर कोणी नेम धरला नव्हता.

‘सायलेंट स्प्रिंग’ या त्यांच्या पुस्तकाची आठवण निघते ती अशा पाखरांसाठी. मला मात्र त्यातले घर-बागेवरचे प्रकरण जास्त जवळचे वाटते, कारण त्यात आपण सगळे आहोत. त्या वेळच्या अमेरिकन दुकानात लोणच्याच्या बरण्यांच्या पलीकडच्याच फळीवर कीटकनाशकांच्या काचेच्या बाटल्या असत, लहान मुलाचा हात पोचेल अशा. स्वयंपाकघराच्या फडताळात अंथरायचे कागद विष मुरवलेले. फरशीचे मेण असे, की त्यावरून चालणारा किडा मेलाच पाहिजे. कपड्यांना कसर लागू नये म्हणून त्यांच्यावर डीडीटी, डिल्ड्रिन किंवा क्लोरडेन फवारावे, असा सल्ला खुद्द सरकारच्या शेती खात्याची घर-बाग पुस्तिका देत होती! बागेच्या पाण्याच्या नळीला जोडायची विषाची बाटलीही मिळे. हिरवळीला पाणी घालता घालता विषही घालून व्हायचे. फवारे वापरणाऱ्या शंभर जणांत डब्यावरची धोक्याची सूचना ठाऊक असणारे पंधरासुद्धा नव्हते, ही पाहणी एका कंपनीनेच केलेली. कार्सनबाईंचा राग गृहिणीवर नव्हताच. ज्याने विकले त्याने सांगितले नाही, ज्याने सांगायला हवे त्या सरकारने उलट शिफारस केली, हा त्यांचा आक्षेप होता.

या पुस्तकात भारताचाही उल्लेख आहे आणि तो सुखाचा नाही. १९५८ साली केरळात खाद्यपदार्थांत पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेले आणि शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच आपला १९६८चा कीटकनाशक कायदा आला. आज डब्यावर जो रंगीत त्रिकोण दिसतो, तो या कायद्याखालच्या नियमांचा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

पुस्तक लिहायला चार वर्षांहून अधिक काळ लागला. १९५७ साली भाची वारली होती आणि तिच्या पाच वर्षांच्या रॉजरला कार्सनबाईंनी दत्तक घेतले होते. १९५८च्या डिसेंबरात आई गेली. १९६० साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी रोगाचे खरे स्वरूप त्यांच्यापासून लपवले. सत्य कळले तेव्हा तो पसरू लागला होता. पुढे डोळे सुजले आणि काही आठवडे वाचणेसुद्धा बंद झाले. हे सारे त्यांनी जवळच्या चार माणसांपलीकडे कळू दिले नाही. कर्करोग झालेली बाई रसायनांवर सूड उगवते आहे, असे म्हणायला विरोधकांना निमित्त मिळाले असते.

विरोधकांनी निमित्ताची वाट पाहिलीच नाही. क्लोरडेन बनवणाऱ्या कंपनीने प्रकाशकाला कोर्टाचा धाक घातला. दुसऱ्या एका कंपनीने पुस्तकाचे विडंबन छापले. बाई भावनाप्रधान आहे, डॉक्टरेटसुद्धा नाही, अशी कुजबूज झाली. १९६३च्या एप्रिलमध्ये त्या टेलिव्हिजनवर दिसल्या, त्या केसांचा टोप घालून, शांतपणे बोलत. मे महिन्यात अध्यक्ष केनेडी यांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीचा अहवाल आला आणि त्यात त्यांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला.

त्यांच्यामुळे डीडीटी गेले आणि मलेरियाने माणसे मेली, असा आरोप अधूनमधून होतो. तो मला पटत नाही. सगळी रसायने बंद करा, असे त्यांनी कुठेच लिहिलेले नाही. उलट सरसकट फवारणीने कीड पचवायला शिकते, मग रोगराईच्या वेळी औषधच उरत नाही, हा इशारा त्यांचाच. जर्मन झुरळ तेव्हाच क्लोरडेनला दाद देईनासे झाले होते. भारतात शेतीतले डीडीटी १९८९ साली बंद झाले. मलेरियासाठी ते पुढेही अनेक वर्षे वापरले गेले.

दुसरी वाट कोणती, याचे उत्तर त्यांनी शेवटच्या प्रकरणात दिले. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीने संपत आल्या होत्या, तेव्हा १८८८ साली ऑस्ट्रेलियातून लाल-काळा ढालकिडा आणला आणि बागा वाचल्या. आपल्याकडेही पपईवर परदेशातून आलेला पिठ्या ढेकूण पसरला, तेव्हा २०१० साली त्याच्यावर जगणारे इवले कीटक प्वेर्तो रिकोहून आणून सोडले गेले. कुंडीतल्या जास्वंदीलाही हेच लागू आहे. पिठ्या ढेकूण दिसला की पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचे पातळ पाणी किंवा निंबोळी अर्क. ढालकिडे दिसले तर तेही नको, त्यांना खाऊ द्यावे. झुरळांसाठी रात्री मोरी कोरडी, खरकटे झाकलेले आणि फटी बुजवलेल्या हव्यात. हे कंटाळवाणे काम आहे, कबूल. त्याने भागले नाही तर फवाऱ्यापेक्षा सांदीत लावायची जेल बरी. निदान ती हवेत आणि ताटात उडत नाही.

१४ एप्रिल १९६४ रोजी सिल्व्हर स्प्रिंग इथे कार्सनबाई गेल्या. वय छप्पन. पोरका रॉजर त्यांचे संपादक पॉल ब्रुक्स यांच्या घरी वाढला. अमेरिकेत १९७२ साली डीडीटीवर बंदी आली. फडताळात आणि हिरवळीवर सर्रास फवारले जाणारे क्लोरडेन मात्र वाळवीसाठी घरांच्या पायात ओतले जात राहिले. ते तिथे १९८८ साली बंद झाले.