उघड्या खिडकीचे माप

आकड्याला प्रतिष्ठा मिळते, परंतु तो कसा मोजला याची चौकशी सहसा होत नाही. अर्थशास्त्र शिकविताना हे वारंवार जाणवते आणि अशा वेळी वॉलेस क्लेमंट सॅबाइन या पदार्थवैज्ञानिकाचे स्मरण होते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात १८६८ साली जन्मलेले सॅबाइन हार्वर्ड विद्यापीठात अध्यापक होते. तेथील नव्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही व पुढच्या शब्दांना गिळून टाकी. १८९५ साली हा दोष दूर करण्याचे काम विद्यापीठाचे अध्यक्ष इलियट यांनी या २७ वर्षांच्या तरुणावर सोपविले.

ऑर्गनची एक नळी, कालमापक आणि स्वतःचे कान एवढेच त्यांचे भांडवल. मध्यरात्रीनंतर ते सँडर्स नाट्यगृहातील गाद्या वाहून आणीत आणि नाद विरण्यास लागणारा काळ नोंदवीत. अंगावरचे कपडेही ध्वनी शोषतात हे उमगताच त्यांनी सुमारे ३ हजार निरीक्षणे बाद केली.

परंतु गादी हे एका नाट्यगृहापुरते माप झाले. परगावच्या संशोधकाने ते पडताळावे कसे? सॅबाइन यांनी उघडी खिडकी हे परिमाण मानले, कारण तिच्यातून गेलेला नाद परतत नाही. घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे सूत्र त्यांना १८९८ साली गवसले. त्याच आधारावर उभारलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली खुले झाले. १९१९ साली, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, सॅबाइन निवर्तले.

पुढे आणखी एक पद्धत रूढ झाली. नळीच्या टोकाशी पदार्थाचा लहान तुकडा बसवून, त्यावर सरळ पडणारा नाद किती परततो ते तीत मोजतात. घुमणाऱ्या खोलीत मात्र नाद सर्व दिशांनी येतो. त्यामुळे एकाच पदार्थाचे दोन आकडे निघतात. खोलीतील आकडा तर नमुन्याच्या कडांमुळे कधी कधी एकाच्याही वर जातो! खोटा कोणताच नव्हे. प्रश्न निराळे, म्हणून उत्तरे निराळी. घाऊक आणि किरकोळ किमतींचे निर्देशांकही असेच भिन्न बोलतात.

तेव्हा सभागृह बांधणाऱ्याने केवळ मोठा आकडा पाहून माल घेऊ नये, तो कोणत्या पद्धतीने काढला हे आधी विचारावे. ही चौकशी टाळली, तर तिची किंमत मागच्या बाकावरचा विद्यार्थी मोजतो.